एक चाप, एक गोळी



यंदाच्या जानेवारीत शाळेतून चिठ्ठी आली की गंगाखेडच्या पोलीस ठाण्यात मुलांना बंदुका दाखवणार आहेत, आणि आमच्या वस्तीत दोन तट पडले. पोरे एका बाजूला, आया दुसऱ्या बाजूला. पोरांनी रात्रीच कपडे धुऊन वाळत घातले. आयांची तोंडे मात्र उतरली.

गवंड्याच्या हाताखाली कामाला जाणारी एक ताई आमच्याकडे आली. तिची मुलगी आठवीत. ती म्हणाली, "दादा, लेकराला सहलीला न्या, दवाखान्यात न्या, पण त्या दारात नका नेऊ. परभणीचं विसरलात का तुम्ही?"

आम्ही कसे विसरू? परभणी इथून काही लांब नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, दगडफेक झाली, मग वस्त्यांतून धरपकड झाली. कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्या प्रकरणात गुन्हा नोंदवा, असा उच्च न्यायालयाने दिलेला आदेश २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. ज्या आईने हे सगळे ऐकले, तिने पोलिसांच्या दारात मूल कशाला धाडावे? तिला काय सांगावे ते आम्हाला सुचेना. शेवटी म्हणालो, "ताई, आम्ही जातो तिच्याबरोबर. हात धरून नेतो, हात धरून आणतो." ती काही बोलली नाही. सकाळी मुलगी वेणी घालून दारात उभी होती.

आता हे प्रदर्शन कशाचे, तेही सांगितले पाहिजे. २ जानेवारी १९६१ रोजी पंतप्रधान नेहरूंनी महाराष्ट्र पोलीस दलाला ध्वज दिला. त्या दिवसाच्या आठवणीने जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात राज्यभर पोलीस रेझिंग डे सप्ताह होतो आणि ठिकठिकाणी शाळकरी मुलांना ठाणे व शस्त्रे दाखवतात. यंदा शाळकरी मुलांपेक्षा भरतीची तयारी करणारी पोरेच पुढे घुसत होती. पहाटे रस्त्याने धावतात तीच ही. सोळाशे मीटरला किती मिनिटे लागतात ते त्यांना तोंडपाठ, पण बंदूक हातात कुणी घेतलेली नव्हती.

टेबलावर पांढरी चादर, वर ओळीने हत्यारे. एका हवालदारसाहेबांनी समजावून सांगितले, आणि चांगले सांगितले. पहिली उचलली ती थ्री नॉट थ्री. इंग्रजांच्या काळापासूनची. मॅगझिनमध्ये दहा राऊंड. एक गोळी झाडली की हाताने बोल्ट वर करून मागे ओढायचा, रिकामी पुंगळी बाहेर पडते, बोल्ट पुढे ढकलला की नवे काडतूस नळीत जाते. मग पुन्हा चाप.

मग दुसरी उचलली. "ही एसएलआर. सेल्फ लोडिंग रायफल." म्हणजे स्वतःच भरणारी. मराठीत हिला अर्धस्वयंचलित म्हणतात, आणि पोरांचा घोटाळा तिथेच होतो. चाप दाबून धरला की गोळ्यांचा पाऊस पडेल, असे त्यांना वाटते. सिनेमा पाहून पाहून झालेले हे ज्ञान! तसे होत नाही. गोळी नळीतून पुढे जाते तेव्हा तिच्या मागे दारूचा वायू असतो. नळीला वरून एक बारीक भोक आहे, त्यातून थोडा वायू वर शिरतो आणि एका दट्ट्याला मागे लोटतो. विहिरीवरच्या इंजिनात असतो, तशाच जातीचा दट्ट्या. तो बोल्टला मागे सारतो, पुंगळी उडते, स्प्रिंग बोल्टला परत पुढे आणते आणि येताना बोल्ट मॅगझिनमधले पुढचे काडतूस नळीत सारतो. माणसाने हाताने करायचे काम यंत्र करते, आणि तेही डोळ्याचे पाते लवते न लवते तोच. पण इथे यंत्र थांबते. दुसरी गोळी सुटायला बोट सोडून पुन्हा चाप ओढावाच लागतो. एके ४७ मध्ये खटका एका जागी ठेवला तर बोट दाबलेले असेपर्यंत गोळ्या सुटत राहतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी जिची नळी हातांनी धरून ठेवली, ती याच जातीची बंदूक.

एसएलआरचे राऊंड ७.६२ मिलिमीटरचे, मॅगझिनमध्ये वीस. १९६२ साली चीनशी लढताना आपले बहुतेक जवान थ्री नॉट थ्री घेऊन बर्फात उभे होते. त्या मारानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ही रायफल बनू लागली आणि पुढची तीसेक वर्षे फौजेच्या खांद्यावर राहिली. नव्वदीच्या दशकात इन्सास आली, तेव्हा एसएलआर हळूहळू पोलिसांकडे उतरली. काडतुसे आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यातही बनतात, हे ऐकून पोरांना फार नवल वाटले.

पोरांच्या गर्दीत वस्तीतले एक म्हातारे काकाही उभे होते. महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले. त्यांना रायफल हातात दिली तेव्हा त्यांनी आधी मॅगझिन काढले, बोल्ट मागे ओढून नळीचे घर रिकामे आहे की नाही ते डोळ्याने आणि बोटाने पाहिले, मगच ती खांद्याला लावली. हवालदारसाहेब हसून म्हणाले, "काका, रिकामीच आहे." काका म्हणाले, "तुम्ही सांगितलं साहेब, मी बघितलं नव्हतं." आम्हाला वाटते, त्या दिवशी पोरे सर्वात मोठी गोष्ट शिकली ती ही.

काकांच्या हातातली ती रायफल पाहताना बरेच काही आठवत होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार फौजेत होते. पण १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली, शिवराम जानबा कांबळ्यांनी त्यानंतर, अर्जांवर अर्ज लिहिले. सगळ्यांची मागणी एकच की आम्हाला पलटणीत घ्या. महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. बाबासाहेबांनी पाठपुरावा सोडला नाही. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत छातीत गोळी लागली असतानाही शत्रूच्या हातातली रायफल हिसकावून लढले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. बंदूक हातात मिळावी म्हणून ज्या समाजाला पन्नास वर्षे अर्ज करावे लागले, त्याच्या मुलांनी ती नुसती खेळणे म्हणून पाहावी, हे आम्हाला पटत नाही. आणि घाबरून पाहूच नये, हेही पटत नाही.

प्रश्न विचारा म्हटल्यावर भरतीवाली पोरे पल्ला विचारू लागली, वजन विचारू लागली. रिकामी रायफलसुद्धा चार किलोंच्या वर भरते. मग आमच्याबरोबर आलेल्या त्या मुलीने हात वर केला. ती म्हणाली, "साहेब, गोळी सुटली तर ती कोणाच्या नावावर लिहितात?"

जरा शांतता झाली. हवालदारसाहेबांनी प्रश्न टाळला नाही, हे आम्ही मुद्दाम लिहितो. त्यांनी सांगितले की प्रत्येक रायफलीवर नंबर असतो. कोणत्या शिपायाने कोणत्या नंबरची नेली, किती राऊंड नेले, किती परत आणले, याची नोंद होते. सरावातल्या पुंगळ्यासुद्धा मोजून जमा कराव्या लागतात. "आणि हुकूम कोण देतो?" मुलीने पुन्हा विचारले. "वरिष्ठ," ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

त्या "वरिष्ठ" शब्दाच्या पुढचे आम्ही तिला वाटेत सांगितले. जमाव बेकायदेशीर ठरला तर पांगण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी देतो, तो हजर नसेल तर निदान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ मध्ये होते, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये आहे. हुकूम देणाऱ्याला नाव असते, पद असते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या आपल्या माणसांवर राज्य राखीव दलाने गोळ्या झाडल्या, दहा जण गेले. तिथेही हुकूम देणारा उपनिरीक्षक होता. २००९ साली सत्र न्यायालयाने त्याला दोषी ठरवून जन्मठेप दिली. पुढे अपिलात तो जामिनावर सुटला, तो भाग वेगळा आणि कडू. पण बारा वर्षे लोकांनी साक्षी दिल्या, जखमा दाखवल्या, तारखांना गेले, म्हणून तो कोर्टात उभा तरी राहिला. एक चाप, एक गोळी. प्रत्येक गोळीमागे एक बोट आणि त्या बोटामागे एक तोंड असते, एवढे तरी आपल्या मुलांना ठाऊक असावे.

मुलीला घरी सोडले तेव्हा ताई चुलीपुढे होती. "काय बघितलंस?" तिने विचारले. मुलीने फुंकणी उचलली, तिच्यावर बोटाने भोक कुठे असते ते दाखवले, दट्ट्या कसा मागे येतो ते दाखवले. पुंगळी उडाल्याचा आवाजही तोंडाने काढला. ताई हसली. मग म्हणाली, "पोलीस व्हायचंय का तुला?" मुलगी म्हणाली, "अजून ठरवलं नाही. आधी एनसीसी."

ज्या शाळा-कॉलेजात एनसीसी आहे तिथे मुलींनाही .२२ च्या रायफलीवर नेमबाजी शिकवतात. पोलीस भरतीत महिलांसाठी तीस टक्के जागा राखीव असतात. धावणे मुलींना आठशे मीटर, गोळाफेक आहे, मैदानी परीक्षेचे पन्नास गुण आणि लेखीचे शंभर. तेव्हा पहाटे नुसते धावून भागत नाही, रात्री पुस्तकही उघडावे लागते.

पुढच्या जानेवारीत चिठ्ठी येईल तेव्हा मायबहिणींनो, मुलांना एकटे धाडू नका, स्वतः बरोबर जा. रोजी बुडत असेल तर वस्तीतल्या एखाद्या निवृत्त जवानाला बरोबर द्या. आणि मुलांचे प्रश्न आदल्या रात्रीच वहीत लिहून घ्या, गर्दीत ऐनवेळी सुचत नाहीत.