मनाच्या आजाराचा खर्च कोणी सोसावा?



घरातील कर्ता मुलगा रात्ररात्र झोपत नाही, त्याची अन्नावरची वासना उडते, जगणे नको असे तो म्हणू लागतो. अशा वेळी त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणे हेच उचित होय. परंतु औषधाबरोबर समुपदेशनाचीही गरज असते, आणि ते एका भेटीत संपत नाही. नेमका येथेच विमा हात आखडतो. बहुतेक आरोग्य विमे रुग्ण दाखल झाला तरच पैसे देतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही अंगीकृत रुग्णालयांतील ठरावीक उपचारांपुरतीच आहे. सिरोंच्याहून सुमारे २०० किलोमीटर अंतर तोडून गडचिरोलीस येणाऱ्या कुटुंबावर प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि फी असा तिहेरी भार पडतो. मग सावकाराचे दार ठोठवावे लागते, नाहीतर उपचार अर्धवट सुटतो.

हे निमूटपणे सोसावे काय? मुळीच नाही! बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४४ साली प्रा. आडारकरांनी कामगारांच्या आजारविम्याचा अहवाल सादर केला. पुढे १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्या विम्यात दाखल न होता घेतलेले उपचारही येतात. मात्र तेंदूपाने तोडणारा मजूर त्याच्या कक्षेबाहेर राहिला.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २१ म्हणते, शरीराच्या आजारास जसा विमा, तसाच मनाच्या आजारासही असावा. पण शरीराच्याच बाह्योपचारास जो विमा पैसे देत नाही, त्याच्या समतेने आपल्या पदरात काय पडणार? म्हणून आपला खरा आधार कलम १८ हा आहे. सेवा घराजवळ असावी. जिल्ह्यात शासनाची किमान सेवा नसेल, तर जिल्ह्यातील अन्य संस्थेतील उपचाराचा खर्च शासनाने सोसावा. दारिद्र्यरेषेखालील रुग्णास, कार्ड असो वा नसो, सरकारी उपचार विनामूल्य मिळावा, असे ते बजावते.

तेव्हा जिल्हा रुग्णालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. विमा कंपनीने दावा नाकारल्यास कारण लेखी मागा, तिच्याकडे तक्रार करा; ३० दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागा. तोवर रुग्णास एकटे सोडू नका. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

कायद्याने दिलेला हक्क मागणाऱ्याच्याच हाती येतो. म्हणून कर्जाआधी अर्ज करा!