विश्लेषण : जुनी कॅटामरान महासागरात न्यावी का? विकत घेण्यापूर्वी काय पाहावे?

लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या नौदल अधिकाऱ्यांनी ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात ‘तारिणी’तून पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यापूर्वी दिलीप दोंदे (२००९-१०) आणि अभिलाष टॉमी (२०१२-१३) यांनी ‘म्हादेई’तून एकट्याने जग पालथे घातले. दोन्ही नौका गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात तयार झालेल्या, दोन्ही एकाच धडाच्या. आणि तरीही कुटुंबासह जग फिरू पाहणारे अनेक जण दोन धडांची कॅटामरान निवडतात, तीही जुनी. असे का?

दोन धडांचा फायदा काय?

‘कॅटामरान’ हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून, म्हणजे बांधलेल्या ओंडक्यांवरून आला. कोकणातल्या उलांडीच्या होडीमागेही तेच तत्त्व आहे : रुंदी वाढवा, होडी कलंडत नाही. दोन धडांमध्ये ऐसपैस खोली मिळते, चहाचा कप टेबलावर टिकतो आणि उथळ खाडीत शिरता येते.

मग धोका कुठे?

सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत, हिंदी महासागराच्या दक्षिण भागात टॉमी यांची ‘थुरिया’ वादळात उलटली. डोलकाठी मोडली, पाठीला गंभीर इजा झाली. पण नौका पुन्हा सरळ झाली आणि तीन दिवसांनी फ्रेंच गस्तीनौका त्यांच्यापर्यंत पोहोचली. हे काम तळाच्या जड कीलचे. कॅटामरानला अशी कील नसते. ती सहसा उलटत नाही, पण एकदा उलटली की समुद्रात स्वतःहून सरळ होत नाही. बहुतेक वेळा तरंगत राहते, हा दिलासा खरा, पण तळ आकाशाकडे करून. म्हणून व्यापारी वाऱ्यांच्या उबदार मार्गासाठी कॅटामरान चांगली. दक्षिण महासागरासाठी, कमी माणसांच्या भरवशावर, ती चुकीची निवड ठरते.

जुनी नौका कशी पारखावी?

बाजारातल्या अनेक जुन्या कॅटामरान पर्यटकांना भाड्याने देणाऱ्या कंपन्यांकडून आलेल्या असतात. कारंजा (घाडगे)सारख्या गावात जुना ट्रॅक्टर घेताना मीटरवरचे तास पाहतात, पण तो कोणी आणि कसा चालवला, हेही विचारतात. इथे तसेच. भाड्याच्या नौकेच्या इंजिनांवर तास भरपूर, चालक दर आठवड्याला नवा; मात्र देखभालीची नोंदवही असण्याची शक्यता जास्त.

इंजिन बदलता येते, धड नाही. अनेक कॅटामरानच्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा हे हलके लाकूड असते. एखाद्या सैल स्क्रूजवळून पाणी झिरपले की ते आतून कुजते, बाहेरचा रंग मात्र चकचकीत. तपासनीस प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जातो. टणक आवाज बोदा झाला की तिथे ओल किंवा सुटलेला थर असण्याचा संशय घेतो. दोन धडांना जोडणारे आतले आडवे पडदे तडकले आहेत का, हेही पाहावे लागते. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा दहा-पंधरा वर्षांच्या झाल्या असतील, तर त्या बदलण्याचा खर्च किमतीत धरायलाच हवा.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वजन. मधल्या तळाखाली पुरेशी मोकळी जागा नसेल, तर प्रत्येक लाट खालून आदळते. जागा भरपूर म्हणून मालक जनित्र, पाण्याचे यंत्र, जादा बॅटऱ्या चढवत जातो आणि नौका खाली बसते. वेग जातो, आदळआपट वाढते. विक्रेत्याच्या जाहिरातीत हीच यादी ‘सुविधा’ म्हणून झळकते! त्यामुळे नौका धक्क्याला बांधलेली पाहून सौदा करू नये. ती पाण्याबाहेर काढून तपासावी, मग खवळलेल्या पाण्यात शीड उभारून चालवून पाहावी. या तपासणीचा खर्च खरेदीदाराने करावा आणि तपासनीसही त्यानेच निवडावा, विक्रेत्याच्या दलालाने सुचवलेला नको.

भारतात आणायची असेल, तर हिशेब आणखी बदलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून हौशी नौकांवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला आहे. परदेशातून आणताना सीमाशुल्क वेगळे.