खुर्चीला गोंडी कळेल?
व्हीलचेअरला आता डोळे फुटलेत, कानही. भिंत दिसली की ती थांबते, ‘डावीकडे’ म्हटलं की वळते. बसणाऱ्याच्या हाताचा दाब, मानेचा कल ओळखून ताबा दोघांनी वाटून घ्यायचा, असे प्रयोग जगभर चाललेत. छानच. पण ही खुर्ची गडचिरोलीतल्या आलापल्लीत आणून पाहा. अंगणात चिखल, दाराला उंबरठा, आणि आजी हुकूम सोडणार गोंडीत, मध्येच एखादा तेलुगू शब्द! याउलट जयपूर फूट पाहा: 1968 च्या सुमारास जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद सेठी यांनी हा रबरी कृत्रिम पाय घडवला. त्यात एकही सेन्सर नव्हता; पण त्यावर अनवाणी चालता येई, चिखलात उतरता येई, उकिडवं बसता येई. माणूस कसा जगतो, ते आधी पाहिलं होतं ना! आणि खुर्चीचंच काय घेऊन बसलात? आनंदवनच्या बाबा आमट्यांना पाठीच्या दुखण्यानं बसताच येत नव्हतं. 1985 च्या ‘भारत जोडो’ यात्रेत ते गाडीत आडवे पडून देशभर फिरले. तेव्हा यंत्रं घडवणाऱ्या पोरांनो, पहिली चाचणी प्रयोगशाळेच्या गुळगुळीत फरशीवर नको. जुलैत आलापल्लीला या, आणि आजीला बोलू द्या.