टर्कीला ज्वारी घाला, पण दाणा पारखून



उसाला जोडधंदा म्हणून आपल्यापैकी काहींनी कोंबड्यांबरोबर टर्कीही पाळायला घेतली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठवले. मधल्या काळात इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली आणि मका महागला. तेव्हापासून "मक्याऐवजी ज्वारी चालंल का?" असे सभासद विचारतात. आमचे स्पष्ट मत असे की, चालेल. पण कोणतीही ज्वारी नव्हे.

टर्कीच्या पिल्लाला प्रथिने फार लागतात. ब्रॉयलर कोंबडीच्या पिल्लाला सुरुवातीला खाद्यात २३ टक्के प्रथिने पुरतात; टर्कीला पहिले ४ आठवडे २८ टक्के लागतात. पुढे ही गरज उतरत जाते. आता काही जातींच्या ज्वारीत, दाण्याच्या सालीखालच्या थरात, टॅनिन हे तुरट द्रव्य असते. पाखरे असा दाणा टाळतात, म्हणून काही मुलखांत या जाती मुद्दाम पेरतात. पण हेच टॅनिन पोटात प्रथिनांना धरून बसते. म्हणजे आपण पैसे मोजून घातलेली सोयाबीनची पेंड विष्ठेतून बाहेर! पिल्लू खातं, पण अंग धरत नाही. खाद्यात प्रथिने आधीच कमी असतील तर फटका आणखी जोराचा. जास्त पेंड घालून थोडी भरपाई होते खरी, पण मग ज्वारी स्वस्त कसली?

आपल्या पांढऱ्या मालदांडीत ही भीती नाही. मात्र नुसत्या रंगावर जाऊ नका. लाल दाण्यात टॅनिन असतेच असे नाही. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी ही वेगळी गोष्ट. ती बुरशीची; ती पाखरांपुढे टाकूच नये.

दाणे ब्लीच व कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवले की टॅनिनचा दाणा काळा पडतो, बाकीचे पांढरे राहतात. कॉस्टिक अंग भाजते, तेव्हा हे घरी करू नये. पण उसाचा रस तपासणाऱ्या आपल्या प्रयोगशाळेला हे काम जड नाही. सभासदांचे ज्वारीचे नमुने तिथे तपासून द्यावेत, अशी संचालक मंडळाला आमची विनंती आहे. आणि सभासदांनी नमुना तपासल्याखेरीज पोती उतरवून घेऊ नयेत.