वारसांची वणवण

वडिलांचे दिवसकार्य आटोपते न आटोपते तोच कपाटातील कागदांची पुडकी बाहेर निघतात, आणि पदवीधर मुलगाही त्यांपुढे हतबुद्ध होऊन बसतो. मृत्युकर किती भरावा लागेल, ही त्याची पहिली धास्ती. ती निराधार आहे. 1953 चा इस्टेट ड्यूटीचा कायदा होता खरा, पण 16 मार्च 1985 पासून तो कर उठला. वडिलांच्या मृत्युदिनापर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र मात्र वारसानेच भरावयाचे असते. हे पुष्कळांच्या गावीही नसते.

खरा घोटाळा केला आहे तो 'नॉमिनी' ह्या शब्दाने. सोसायटीच्या दप्तरी आपले नाव आहे एवढ्यावर धाकटा स्वतःस मालक समजतो व बहिणीशी अबोला धरतो. नॉमिनी हा केवळ सांभाळणारा. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितले.

मुंबईत केलेल्या हिंदूच्या मृत्युपत्रास प्रोबेटची सक्ती होती, ती संसदेने डिसेंबर 2025 मध्ये काढून टाकली. हे इष्टच झाले. तथापि भावंडांत कुरबुर असेल तर प्रोबेट अवश्य घ्यावे, असे आम्ही म्हणू. वाद नसल्यास तो अर्ज मुलामुलींनी स्वतः करण्यास कायद्याची आडकाठी नाही. अडचण येते ती साक्षीदाराच्या प्रतिज्ञापत्रापाशी. वडिलांनी साक्षीला बोलावलेले असतात ते बहुधा फिरायला जाताना भेटणारे, त्यांच्याच वयाचे दोघे मित्र. आणि मुलगा त्यांचे घर शोधीत जातो तेव्हा तेथेही भिंतीवरील तसबिरीला हार घातलेला असतो.