आग लागल्यावर विहीर खोदायची का?

गावाच्या आराखड्यात घरकुल असते, रस्ता असतो, नळ असतो. आग विझवायचं पाणी कुठं असते?

जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर. पाच माणसांच्या घराला 275. त्यातच पिणं, आंघोळ, धुणं. तणसाचा ढीग पेटला अन् मिनिटाला 200 लिटर पाणी मारलं, तर दिवसभराचं पाणी दीड मिनिटही पुरत नाही.

म्हणतात, मोटर आहे ना! घराला आग लागली की पहिले लाइन बंद करतात, करायलाच पाहिजे. मोटर तिथंच बसली.

उपाय साधा आहे. वस्तीच्या उंच बाजूला 20 हजार लिटरची टाकी बांधा. सांदवाडीच्या ओलिताचा पाइप अर्ध्या उंचीवर काढा, आगीचा जाड पाइप तळाशी. ओलीत कितीही करा, खालचे 10 हजार लिटर राहतातच. त्याच हिशेबानं 50 मिनिटं पाणी, तेही विजेशिवाय.

पाणी नाही, हे आरमोरीत सांगू नका. बाजूनं वैनगंगा वाहते. बोड्या आहेत, मामा तलाव आहेत. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले अन् गाळ साचत गेला. आगीला गाळलेलं पाणी लागत नाही, बोडीचं चालते.

मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात, तेव्हाच बोड्या आटतात. म्हणून टाकी माघातच भरून ठेवायची.

पुढच्या ग्रामसभेत एकच विचारा: आगीचा पाइप नकाशावर दाखवा. दाखवला नाही, तर आराखड्याला हात वर करू नका.