शेवटच्या डावाचं मोल
बेसबॉलमध्ये सुरुवातीचा पिचर पाच-सहा डाव टाकतो आणि सामना संपवायला येणारा रिलीफ पिचर बहुधा एकच. म्हणून दुसऱ्याचं काम हलकं, असा हिशेब अनेक जाणकारही मांडतात. रिलीफ पिचर मारियानो रिवेराची कारकीर्द हा हिशेब खोटा ठरवते. पनामातल्या मच्छीमारांच्या गावातून आलेला रिवेरा १९९५ ते २०१३ न्यूयॉर्क यांकीज या एकाच संघाकडून खेळला आणि नियमित हंगामातले ६५२ सामने त्याने आघाडी राखून संपवले, म्हणजेच ६५२ ‘सेव्ह’ मिळवले. तीन धावांची आघाडी एका डावापुरती राखणं कुणालाही जमेल, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. केवळ ‘सेव्ह’ मोजून थोरवी ठरवू नये, हे मलाही मान्य आहे. पण बाद फेरीत, जिथे समोर निवडक संघच उरतात, तिथे रिवेराने १४१ डाव टाकले आणि दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची त्याची सरासरी राहिली ०.७०. नियमित हंगामातली सरासरी २.२१. म्हणजे प्रतिस्पर्धी तगडे झाले तसा तो अधिकच अभेद्य झाला, आणि तेही मुख्यतः एकाच चेंडूच्या बळावर: ऐनवेळी डावखुऱ्या फलंदाजाच्या हातांकडे वळून बॅट मोडणारा त्याचा कटर. २००१च्या जागतिक मालिकेचा, म्हणजे अंतिम फेरीचा, सातवा सामना त्याच्या हातून निसटला, हे खरं. त्यानंतरही तो बारा हंगाम खेळला. २०१९मध्ये हॉल ऑफ फेमच्या मतदानात ४२५ पैकी ४२५ मतं त्याला पडली. असं एकमत त्याआधी बेब रूथसारख्या दिग्गजाच्याही वाट्याला आलं नव्हतं.